बऱ्हाणपूरची जर आणि हृदयातली तार

जुना शालू ट्रंकेतून बाहेर काढला की घरातली जाणती बाई आधी त्याची घडी पाहते. वर्षानुवर्षे घडी एकाच रेषेवर राहिली, तर रेशीम शाबूत राहूनही जरीचा काठ नेमका त्या रेषेवर तुटतो. म्हणूनच शालू अधूनमधून उलगडून, वाऱ्यावर ठेवून, घडी बदलून परत ठेवण्याची रीत आहे. धातू एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकला की थकतो आणि अखेर तुटतो, हे ज्ञान या रीतीमागे आहे.

शालू वर्षातून दोनचारदा वाकतो. पेसमेकर बसवलेल्या माणसाच्या हृदयात सोडलेली तार दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा वाकते. तिची घडी बदलता येत नाही, ती उलगडून पाहता येत नाही आणि ती तुटली तर कित्येकदा पुढच्या ठोक्याचीही शाश्वती उरत नाही. हृदयाला विजेचा स्पर्श पोहोचवणारी ही तार लवचीक कशी करावी, हा वैद्यकीय अभियांत्रिकीपुढचा प्रश्न गेली साडेसहा दशके चालत आला आहे. त्याची जी उत्तरे सापडली, त्यांतली काही तापीकाठच्या बऱ्हाणपुरात जर बनवणाऱ्या कारागिरांना पाहताक्षणी ओळखीची वाटली असती.

चांदीची कांब, रेशमाचा गाभा

आज मध्य प्रदेशात असलेले बऱ्हाणपूर महाराष्ट्राच्या सीमेलगत आहे. रावेर आणि जळगावशी त्याचे नाते जुने आहे आणि तिथल्या बाजारात मराठी सहज कानी पडते. फारुकी सुलतानांच्या काळात ही खानदेशाची राजधानी होती. पुढे मोगलांनी तिला दक्षिणेतील आपले मुख्य ठाणे केले. १६३१ मध्ये मुमताज महलचे निधन झाले ते याच नगरीत. फ्रेंच जवाहिऱ्या आणि प्रवासी ताव्हर्निए सतराव्या शतकात इथून गेला, तेव्हा इथले तलम कापड इराण, तुर्कस्तान आणि त्यापलीकडच्या देशांत जात असल्याचे त्याने नोंदवले. सोन्याचांदीच्या पट्ट्या असलेली वस्त्रे ही त्या व्यापाराची शान होती. आज हे शहर यंत्रमागांसाठी ओळखले जाते आणि जरीचे मुख्य केंद्र सुरतेला गेले आहे. जर बनवण्याची मूळ पद्धत मात्र समजून घेण्याजोगी आहे.

अस्सल जरीसाठी चांदीची कांब घेऊन तिच्यावर सोन्याचा पत्रा चढवतात. ती तापवून, ठोकून दोन्ही धातू एकजीव केले जातात. मग पोलादी पट्टीच्या उत्तरोत्तर बारीक होत जाणाऱ्या छिद्रांतून ती कांब ओढत नेतात. प्रत्येक छिद्रागणिक तार लांबते आणि बारीक होते. विशेष असे की केसासारखी बारीक झाल्यावरही चांदी आतच राहते आणि सोने बाहेरच राहते. त्यानंतर ही तार ठोकून चपटी करतात. या चपट्या, फितीसारख्या तारेला बादला म्हणतात. शेवटी हा बादला रेशमाच्या धाग्याभोवती फिरकीसारखा गुंडाळला जातो आणि कलाबतू तयार होतो. शालूच्या काठात विणला जातो तो हाच.

या रचनेतील शहाणपण असे, की ओढ सोसण्याचे काम रेशमाकडे असते आणि झळाळीचे काम धातूकडे. धातू भार वाहत नाही, तो फक्त मऊ गाभ्याभोवती वळसे घेत राहतो. धागा वाकला की वळसे एका बाजूला किंचित उघडतात, दुसऱ्या बाजूला किंचित मिटतात. एकाच ठिकाणी सारा ताण येत नाही. म्हणून घन सोन्याची तार ज्या वळणावर मोडेल, तिथे कलाबतू सहज वळतो.

हृदयाची मागणी

निरोगी हृदयाच्या उजव्या कर्णिकेत विजेचा एक नैसर्गिक उगम असतो. तिथून निघालेला सूक्ष्म प्रवाह ठरावीक वाटेने जवनिकांपर्यंत पोहोचतो आणि स्नायू आकुंचन पावतो. वयोमानाने वा आजाराने ही वाट खंडित झाली की ठोके मंदावतात, कधी काही सेकंद थांबतात. रुग्णाला भोवळ येते, शुद्ध हरपते. अशा वेळी बाहेरून दिलेला विजेचा छोटासा टोचा पुरेसा असतो. चांगल्या जागी टेकलेल्या इलेक्ट्रोडमधून एक व्होल्टपेक्षाही कमी दाब, तोही सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी काळ दिला, तरी बहुधा हृदय प्रतिसाद देते.

वीज निर्माण करणे ही यातली अवघड बाब नव्हे. ती हलत्या, ओल्या, खाऱ्या द्रवाने वेढलेल्या स्नायूपर्यंत वर्षानुवर्षे नेणे हे अवघड आहे. मिनिटाला ७२ ठोके धरले, तर दिवसाचे १,०३,६८० ठोके होतात आणि वर्षाचे सुमारे ३ कोटी ७८ लाख. दहा वर्षांत ही तार ३७ कोटींहून अधिक वेळा वाकते. दुसरी अडचण मऊपणाची. प्लॅटिनमसारखा धातू हृदयाच्या स्नायूपेक्षा लक्षावधी पटींनी ताठ असतो. मऊ, धडधडत्या भिंतीवर ताठ टोक घासत राहिले, तर ती भिंत दुखावते आणि त्या जागी व्रणाची जाड उती तयार होते. ही उती वीज मानत नाही. उजव्या जवनिकेची भिंत जेमतेम काही मिलिमीटर जाडीची असते. फार ताठ टोक ती भेदूनही जाऊ शकते.

तिसरी अडचण रसायनाची. शरीरातील द्रव धातूला गंजवतो, आवरणाला झिजवतो. जो पदार्थ हवेत टिकतो, तो शरीरात टिकेलच असे नाही.

१९५८ : तार तुटण्याची सुरुवात

८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमधील सोल्ना येथील करोलिंस्का रुग्णालयात शल्यविशारद ओके सेनिंग यांनी अर्ने लार्सन या ४३ वर्षांच्या गृहस्थाच्या शरीरात पेसमेकर बसवला. संपूर्ण पेसमेकर शरीरात बसवण्याची ही जगातील पहिलीच वेळ. लार्सन यांना दिवसातून अनेकदा झटके येत होते आणि पतीचे प्राण वाचवण्यासाठी त्यांच्या पत्नीने डॉक्टर व अभियंत्याचा पिच्छा पुरवला होता. अभियंता रूने एल्मक्विस्ट यांनी घाईने जुळवलेले मंडल राळेत ओतून, बुटाच्या पॉलिशच्या डबीचा साचा करून ते यंत्र घडवले. पहिले यंत्र काही तासांतच बंद पडले आणि त्याच्या जागी दुसरे बसवावे लागले. लार्सन यांना आयुष्यभरात २६ पेसमेकर लागले. तरीही ते ८६ वर्षांचे होऊन २००१ मध्ये वेगळ्याच आजाराने वारले, सेनिंग आणि एल्मक्विस्ट या दोघांच्याही मागे.

त्या सुरुवातीच्या काळात डॉक्टरांना छळणाऱ्या गोष्टींत बॅटरीच्या जोडीला तार होती. हृदयाच्या बाहेरच्या पृष्ठभागावर शिवलेल्या साध्या धातूच्या तारा मोडत. यामागचे गणित सोपे आहे. तार वाकते तेव्हा तिची बाहेरची कड ताणली जाते आणि आतली आखडते. हा ताण तारेच्या जाडीवर अवलंबून असतो. १ मिलिमीटर जाडीची तार १ सेंटिमीटर त्रिज्येच्या वळणावर वाकवली, तर तिची बाहेरची कड सुमारे ५ टक्के ताणली जाते. असा ताण धातू थोड्याच वेळा सोसतो. त्याच वळणावर ०.०२ मिलिमीटर जाडीची पट्टी केवळ ०.१ टक्का ताणली जाते. पट्टीची जाडी निम्मी केली की तिचा ताठपणा तर आठपटींनी उतरतो. थोडक्यात, धातू पातळ केला की तो नरमाईने वागू लागतो.

स्वीडनमधील एरिक्सन या टेलिफोन कंपनीला हे गणित व्यवसायातून ठाऊक होते. टेलिफोनच्या श्रवणयंत्राची दोरी रोज शेकडो वेळा पिळली, ओढली, वाकवली जाई. त्यासाठी धातूची पातळ फीत सुती वा रेशमी धाग्याभोवती गुंडाळण्याची पद्धत रूढ होती. एरिक्सनने हृदयासाठी तीच युक्ती वापरली. १९६० च्या दशकाच्या आरंभी बनलेल्या त्यांच्या तारेत स्टेनलेस स्टीलच्या चार पातळ पट्ट्या पॉलिएस्टरच्या विणलेल्या गाभ्याभोवती गुंडाळल्या होत्या आणि त्यावर मऊ पॉलिथिनचे आवरण होते.

पॉलिएस्टरच्या जागी रेशीम आणि स्टीलच्या जागी सोनेरी बादला ठेवला, तर हा कलाबतूच आहे. बऱ्हाणपूरच्या कारागिराकडून स्टॉकहोमच्या अभियंत्याने ही विद्या घेतली, असा याचा अर्थ नव्हे. धातूला वाकते ठेवायचे असेल तर भार मऊ गाभ्यावर सोपवावा, हे दोघांना आपापल्या मार्गाने उमगले.

फिरकी, आणि पुन्हा चांदी

त्याच सुमारास अमेरिकेत बफेलो येथील शल्यविशारद विल्यम चार्डॅक यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी प्लॅटिनम-इरिडियमची तार स्प्रिंगसारखी गुंडाळली. स्प्रिंग वाकवली की तारेचा प्रत्येक वळसा थोडासा पिळला जातो आणि वाकण्याचा ताण साऱ्या लांबीवर वाटला जातो. याच तत्त्वावर पुढची सारी प्रगती झाली. न्यूयॉर्कमध्ये सेमूर फर्मन यांनी १९५८ मध्येच शिरेतून तार हृदयाच्या आतल्या भिंतीपर्यंत नेऊन दाखवली होती. फिरकीच्या तारेने ती वाट सोपी केली. छाती उघडण्याची गरज संपली. खांद्याजवळच्या शिरेतून सुमारे अर्धा मीटर लांब आणि दोन मिलिमीटरच्या आसपास जाड अशी तार आत सरकवायची आणि यंत्र गळ्याच्या हाडाखाली त्वचेत ठेवायचे, ही आजची नित्याची पद्धत झाली. या तारेला वैद्यकीय व्यवहारात 'लीड' म्हणतात. गोव्यासह देशभरातील हृदयरोग विभागांत बसवले जाणारे बहुतेक पेसमेकर याच प्रकारचे असतात.

फिरकी मध्ये पोकळ असते, आणि त्या पोकळीचाही उपयोग आहे. अतिशय मऊ तार शिरेतून पुढे ढकलता येत नाही. ओल्या दोऱ्याने सुईचे नाक शोधावे तसा प्रकार होतो. म्हणून डॉक्टर पोकळीत एक ताठ सळई घालतात, टोक योग्य जागी नेतात आणि सळई काढून घेतात. लीड बसवताना ताठ असते आणि बसल्यावर मऊ होते. टोकाला कधी बारीक स्क्रू असतो, कधी मऊ रबरी काटे असतात. त्यांच्या आधाराने ते स्नायूला धरून राहते.

फिरकीच्या तारेचा धातूही बदलला. निकेल, कोबाल्ट, क्रोमियम आणि मॉलिब्डेनम यांचा एक मिश्रधातू फार दमदार आहे, गंजत नाही, पण वीज तितक्या सहजतेने वाहत नाही. चांदी वीज उत्तम वाहते, पण शरीरात उघडी ठेवता येत नाही. उपाय असा निघाला, की या मिश्रधातूच्या नळीत चांदीचा गाभा भरायचा आणि दोन्ही एकत्रच छिद्रांतून ओढत बारीक तार करायची. आत चांदी, बाहेर तिला राखणारा धातू आणि तार ओढण्याचीच क्रिया. जरीच्या कांबेची रीत इथे आधुनिक प्रयोगशाळेत पुन्हा भेटते. फरक इतकाच, की जरीत बाहेरचे सोने झळाळीसाठी आणि चांदी काळवंडू नये म्हणून असते, तर इथे बाहेरचा धातू बळासाठी आणि चांदी रक्तापासून दूर राहावी म्हणून असतो.

टोकाचाही स्वतंत्र विचार झाला. टोक लहान असावे, म्हणजे कमी वीज लागते. पण त्याचा पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर खडबडीत आणि सच्छिद्र असावा, म्हणजे स्पर्शाचे क्षेत्र वाढते. व्रणाची उती माजू नये म्हणून १९८० च्या दशकात टोकातच स्टिरॉइड औषधाचा कण ठेवण्याची पद्धत आली. ते औषध हळूहळू झिरपते आणि दाह शमवते.

बारीक करण्याची किंमत

पातळ ते चांगले, हा नियम मात्र सरसकट लागू करता येत नाही. झटक्याने हृदय पूर्ववत करणाऱ्या यंत्रांसाठी मेडट्रॉनिक कंपनीने 'स्प्रिंट फिडेलिस' नावाची सडपातळ लीड आणली होती. बारीक लीड शिरेतून नेणे सोपे असते, शिरही कमी अडते. पण तिच्यातील वाहक तारा अपेक्षेपेक्षा अधिक प्रमाणात तुटत असल्याचे आढळले आणि ऑक्टोबर २००७ मध्ये कंपनीने तिचे वितरण थांबवले. तोवर जगभरात सुमारे २ लाख ६८ हजार लीड रुग्णांच्या शरीरात बसल्या होत्या. तुटलेल्या तारेचा गोंगाट यंत्राला हृदयाची धोकादायक गती वाटू शकतो आणि शुद्धीवर असलेल्या माणसाला विनाकारण जोरदार झटका बसू शकतो. उलट, खरी गरज असताना झटका न मिळण्याचाही धोका असतो.

अशा वेळी लीड काढून दुसरी घालणे हा सरळ उपाय वाटतो. पण काही वर्षांत शिरेच्या आणि हृदयाच्या भिंतीशी लीड व्रणाच्या उतीने चिकटून बसते. ती ओढून काढणे जोखमीचे असते. म्हणून लाखो रुग्ण आणि त्यांचे डॉक्टर एका कठीण निवडीपुढे उभे होते : संशयास्पद तार तशीच ठेवून लक्ष ठेवायचे की ती काढण्याचा धोका पत्करायचा.

लीड तुटण्याच्या जागाही ठरलेल्या असतात. पहिली बरगडी आणि गळ्याचे हाड यांच्यामध्ये ती चिमटली जाते. तिला जिथे टाक्याने बांधलेले असते, तिथे वळण तीव्र होते. मोकळा भाग हलतो, बांधलेला भाग स्थिर राहतो आणि ताण दोहोंच्या सीमेवर साचतो. शालूची घडी जिथे तुटते, तेच हे ठिकाण.

रबरातली जर

गेल्या दशकात प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने पाहिले जाऊ लागले. धातू बारीक करून वाकवण्याऐवजी मुळात स्नायूसारखा ताणला जाणारा वाहक का करू नये? दक्षिण कोरियातील सोल येथील संशोधकांनी चांदीचे अतिसूक्ष्म तंतू रबरात मिसळून एक जाळी तयार केली. ती हृदयाभोवती मोज्यासारखी बसते. सामान्य पेसमेकर एका बिंदूतून चेतना देतो. त्यामुळे आकुंचनाची लाट एका बाजूने दुसरीकडे जाते आणि हृदयाच्या दोन्ही बाजूंचा मेळ काहीसा बिघडतो. जाळी मात्र मोठ्या पृष्ठभागाला एकाच वेळी स्पर्श करते. २०१६ मध्ये या जाळीचे उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध झाले.

चांदीचा जुना दोष मात्र राहिलाच. तिचे कण शरीरात सुटले तर पेशींना अपाय होतो आणि ती लवकर काळवंडते. २०१८ मध्ये त्याच गटाने उत्तर मांडले : चांदीच्या प्रत्येक तंतूवर सोन्याचे पातळ वेष्टन. आत चांदी, बाहेर सोने आणि भोवती ताणाला पुरून उरणारे मऊ रबर. डुकराच्या हृदयावर ही जाळी वापरून पाहण्यात आली. बऱ्हाणपूरच्या कारागिराने चांदीच्या कांबेवर जो सोन्याचा पत्रा चढवला, तोच विचार इथे मिलिमीटरच्या हजारो भागांइतक्या सूक्ष्म आकारात पुन्हा आला.

ही जाळी अद्याप प्राण्यांपुरतीच आहे. माणसात ती यायची तर कोट्यवधी ठोके रबर फाटू नये, सोन्याचे वेष्टन तडकू नये आणि शरीराने तिला व्रणात गाडून टाकू नये, हे सिद्ध व्हावे लागेल.

तारच नको?

तुटणारा भागच काढून टाकावा, हा आणखी एक मार्ग. औषधी कॅप्सूलसारखा दिसणारा, जेमतेम दोन ग्रॅम वजनाचा, लीड नसलेला पेसमेकर मांडीच्या शिरेतून नेऊन थेट हृदयात बसवता येतो. अमेरिकेत अशा यंत्राला २०१६ मध्ये मान्यता मिळाली. पण तो सर्व रुग्णांना चालत नाही आणि त्याची बॅटरी संपल्यावरचा प्रश्न लीडच्या प्रश्नाहून सोपा नाही.

शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांपुरत्या लावलेल्या तारांची कथा निराळी आहे. त्या हृदयावर टाचून टोके छातीबाहेर ठेवतात आणि नंतर ओढून काढतात. चंद्रावर पहिले पाऊल ठेवणाऱ्या नील आर्मस्ट्राँग यांच्या हृदयावर २०१२ मध्ये शस्त्रक्रिया झाली. पुढे प्रसिद्ध झालेल्या वृत्तांनुसार, अशा तात्पुरत्या तारा काढताना त्यांना अंतर्गत रक्तस्राव झाला आणि त्यानंतर त्यांचे निधन झाले. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ मध्ये काम संपल्यावर शरीरातच विरघळणारा, तार बाहेर न ठेवणारा पातळ पेसमेकर मांडला. २०२५ मध्ये त्यांनी तांदळाच्या दाण्याहून लहान, सुईतून आत सोडता येणारा आणि प्रकाशाच्या संकेताने चालणारा पेसमेकर दाखवला. हेही प्रयोग अजून रुग्णांच्या नित्य उपचारात आलेले नाहीत.

घडीकडे लक्ष

बऱ्हाणपूर ज्या राज्यात आहे, त्याच मध्य प्रदेशात, इंदूरजवळच्या पीथमपूर औद्योगिक वसाहतीत श्री पेसट्रॉनिक्स ही कंपनी शरीरात बसवायचे पेसमेकर तयार करते. तार ओढणे, चपटी करणे, धाग्यावर चढवणे या कलांचा वारसा असलेल्या देशाला लीडची विद्या परकी वाटण्याचे कारण नाही. कलेच्या पलीकडे इथे लागतो तो कसोटीचा संयम. कोट्यवधी वेळा वाकवून, खाऱ्या पाण्यात बुडवून, पिळून पाहिल्याखेरीज कोणतीही नवी तार माणसाच्या हृदयाजवळ नेता येत नाही.

पेसमेकर बसवलेल्या रुग्णाच्या दृष्टीने या साऱ्याचा अर्थ साधा आहे. बॅटरी संपली की यंत्र बदलते, तार मात्र बहुधा तीच राहते. म्हणून नियमित तपासणीला जाताना बॅटरीइतकीच तारेचीही विचारपूस करावी. तपासणीत लीडचा विद्युत रोध मोजतात. तो एकाएकी फार वाढला तर आत तार तुटल्याची शंका येते, फार घटला तर आवरण फाटल्याची. सुरुवातीचे काही आठवडे त्या बाजूचा हात खांद्यावर उचलू नये, असे डॉक्टर सांगतात ते टोक जागेवर रुजावे म्हणून.

शालूची जर तुटली तर काठ बदलून घेता येतो. हृदयातली तार तुटू नये म्हणून मात्र तिच्या घडीकडे आधीच लक्ष ठेवावे लागते.